मामलेदारणीची बदली

आमच्या ओळखीतली माणसं प्रवासाला जातात म्हणजे निदान केरळला तरी जातात. परतल्यावर फोटो दाखवतात आणि तिथली इडली आपल्यापेक्षा कशी वेगळी लागते ते सांगतात. मी यंदा दिवाळीनंतर ऑफिसात रजा टाकून वसईच्या एव्हरशाईन सिटीतून आगाशीला गेले. रिक्षा, बस आणि पुन्हा रिक्षा असा सगळा मिळून दीडेक तासाचा प्रवास. रेल्वेच्या पलीकडे गेलं की आपल्याच तालुक्यात परदेश लागतो, हे वीस वर्षं इथे राहूनही मला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत नाही अशा माझ्यासारख्यांसाठीच हे लिहिते आहे. बरोबर दोघं होते. एक माझे सासरे, अण्णा, वय एकोणऐंशी. दुसरी त्यांची कोंबडी.

एव्हरशाईन सिटी, गुरुवार

कोंबडीचं नाव मामलेदारीण. अंगानं तांबडी, मानेला थोडी काळी, आणि चालते अशी की कुणाचं तरी दप्तर तपासायला निघाली आहे. नाव माझ्या सासूबाईंनी ठेवलं होतं. त्या गेल्या वर्षी गेल्या. खटाव तालुक्यातल्या त्यांच्या घरामागच्या खुराड्यातल्या बाकीच्या कोंबड्या काही मुंगसानं नेल्या, काही शेजारी गेल्या, आणि ही एकटी उरली. मग उन्हाळ्यात अण्णा न्हाणीत घसरून पडले आणि दुपारभर तिथेच पडून राहिले. संध्याकाळी शेजारची बाई ताक मागायला आली तेव्हा कळलं. त्यानंतर माझा नवरा गावी जाऊन त्यांना घेऊन आला, म्हणजे दोघांना घेऊन आला.

त्यांच्याकडे अशी रीत आहे की नवी कोंबडी घरात आली की तिला चुलीभोवती तीन वेळा फिरवायची. मग ती घर विसरत नाही. आमच्याकडे चूल नाही, म्हणून अण्णांनी तिला गॅसच्या सिलिंडरभोवती तीन वेळा फिरवलं. मी मनात हसले होते. पण कोंबडीनं ते मनावर घेतलं आणि आमची गॅलरी कायमची ताब्यात घेतली.

खालच्या मजल्यावरचा मुलगा घरूनच ऑफिसचं काम करतो. मामलेदारीण रोज सकाळी अकराच्या सुमारास अंडं घालायची आणि पुढची दहा मिनिटं त्याची जाहीर घोषणा करायची. अकरालाच त्याची मीटिंग असायची. त्याच्या साहेबांनी त्याला दोनदा विचारलं की तू न सांगता गावी गेलास का. सोसायटीचं पत्र आलं. एका आठवड्यात कोंबडी हलवा.

अण्णांनी पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाले, "तिला हलवायचं तर मलाबी हलवा. मी तिला घिऊन गावाला जातो."

गावी आता कुणी नाही. घराला कुलूप आहे आणि दवाखाना लांब आहे. नवऱ्यानं मला "तूच समजाव, तुझं ऐकतात" असं सांगितलं आणि कंपनीच्या कामाला बडोद्याला निघून गेला. मी समजावलं. रक्तदाबाच्या गोळ्या, न्हाणीची फरशी, पडलात तर उचलणार कोण, सगळं क्रमानं सांगितलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि धोतराच्या घड्या घालायला सुरुवात केली. शेवटी तडजोड एवढीच झाली की रविवारपर्यंत कोंबडीला मनासारखं घर मिळालं तर अण्णा आमच्याकडे राहतील. नाही मिळालं तर सोमवारच्या एसटीनं दोघं खटावला. मनासारखं म्हणजे काय, हे अण्णांनीच ठरवायचं होतं. त्यांची अट एकच होती. तिला कुणी खायचं नाही.

त्यात ती त्याच आठवड्यात खुडूक झाली. खुडूक म्हणजे कोंबडीला अंडी उबवायची लहर येते, मग अंडी असोत नसोत. आम्ही रोजचं अंडं रोज खाऊन टाकत होतो, त्यामुळे ती माझ्या बटाट्यांच्या टोपलीत जाऊन बसली. चार दिवस तिनं दीड किलो बटाटे मन लावून उबवले. भाजीसाठी एक काढायला गेले तर हाताला चोच मारली.

सातिवली, गुरुवार दुपार

माझ्या मावसभावाचं सातिवलीत छोटं युनिट आहे, रबराचे वायसर करतो. तिथला वॉचमन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या पाळतो असं त्यानं कळवलं होतं. मी नवऱ्याची जुनी लॅपटॉपची बॅग घेतली, मामलेदारणीला तिच्यात बसवलं आणि चार्जरच्या कप्प्याची चेन उघडी ठेवली. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं तेव्हा त्या कप्प्यातून एक डोळा त्याच्याकडे बघत होता. त्यानं पुढच्या सिग्नलपर्यंत काही विचारलं नाही, मग म्हणाला, "मॅडम, बॅग के अंदर का कुछ बोल रहा है."

शेड बरी होती. पाणी होतं, दाणे होते, सावली होती. फक्त बाजूचं प्रेस मशीन खाली आलं की जमीन हलायची आणि सगळ्या कोंबड्या एकदम उडी मारायच्या. त्यांना त्याची सवय झाली होती, नाचल्यासारखं करून त्या पुन्हा दाणे टिपायला लागायच्या. अण्णांनी सगळं नीट पाहिलं आणि वॉचमनला विचारलं, "किती हायत?"

"पंधरा-वीस समझो, बाबा. सोमवारपासून शनिवारपर्यंत."

"आन् रविवारी?"

वॉचमन मनापासून हसला. अण्णांनी बॅगेची चेन लावली आणि काठी टेकत गेटाकडे निघाले. मी भावाला हात हलवून निरोप दिला. येताना अण्णा एवढंच म्हणाले की माणूस चांगला आहे, खोटं बोलला नाही.

आगाशी, शुक्रवार

फिलोमिना आणि मी एकाच ऑफिसात अठरा वर्षं शेजारी बसतो. तिचं सासर आगाशीच्या पुढच्या एका वाडीत आहे. तिला अडचण सांगितली तेव्हा तिनं लगेच घरी फोन लावला, आपल्या घरच्या बोलीत भराभरा काहीतरी बोलली, त्यातलं मला निम्मंच कळलं, आणि म्हणाली, "या. शुक्रवारीच या, रविवारपर्यंत राहा. पप्पा म्हणतात, पाहुणी बघायची आहे." पाहुणी म्हणजे मी नव्हे हे मला नंतर समजलं.

आगाशीच्या बाजारात बस सोडली. अण्णांनी तिथे सुकेळी खाल्ली. इथली राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधून विकतात. चिवट, गोड आणि खजुराच्या अंगानं जाणारी. अण्णांनी एक खाल्लं आणि म्हणाले की आमच्याकडं केळं एवढे दिवस टिकतच नाही, पाहुणे आधी येतात. मग आणखी दोन खाल्ली.

पुढचा रस्ता रिक्षाचा. दोन्ही बाजूंना केळी, मधे पानवेली, कुणाच्या अंगणात चाफा. गल्लीच्या वळणावर झेंडूची माळ घातलेला क्रूस, आणि चार घरं ओलांडली की देवळाचा पार. आणि जिकडे बघावं तिकडे पाणी. इथे प्रत्येक वाडीत बावखल असतं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खणलेलं लहानसं तळं. दिवाळीनंतर ती काठोकाठ भरलेली असतात. अण्णांचा सगळा जन्म दुष्काळी भागात गेलेला. गुडघ्याच्या वर पाण्यात ते कधी उतरलेले नाहीत. फिलोमिनाच्या घरामागचं बावखल पाहून ते भिंतीला धरून उभे राहिले.

"एवढं पानी," ते म्हणाले, "आन् नुसतं पडून हाय?"

घरात चार माणसं. फिलोमिना, तिचा नवरा (तो जहाजावर, म्हणजे तीनच), सासरे इनासकाका आणि सासू इसाबेलमावशी. इनासकाका शहात्तरचे, सडपातळ, चेहऱ्यावर सदा एखादी खोडी करून आल्याचा भाव. मावशी ठेंगण्या, लाल चौकटीच्या लुगड्यातल्या, बोलायला कमी. जेवायला तांदळाच्या पातळ भाकऱ्या, चिंच घातलेलं माशांचं कालवण आणि बोंबलाची चटणी. फिलोमिनानं माझ्या कानात सांगितलं की बेत खरं तर कोंबडीचा होता, सकाळी मावशींनी बदलला. पाहुणी कोंबडी घेऊन येणार आणि ताटात कोंबडी, हे त्यांना बरं वाटेना.

जेवण झाल्यावर अण्णा मुद्द्यावर आले.

"नाताळात जेवायला काय करता?"

फिलोमिनानं डोळ्यांनी खूण केली, पण इनासकाका सरळ माणूस. "इंदेल करतो, डुकराच्या मटणाचं," ते म्हणाले. "वडे. आणि कोंबडी असतेच."

"घरची?"

"घरचीच. विकतचीला चव नसते. पण हिला नाही हात लावणार, अण्णा. ही आता ओळखीची झाली."

"गेल्या नाताळात कापली ती वळखीची न्हवती व्हय?"

मावशींनी मामलेदारणीला उचललं. त्यांच्याकडे नव्या कोंबडीचे पाय धुतात आणि ते पाणी उंबऱ्यावर ओततात, म्हणजे ती घराची होते. अण्णांनी काठी आडवी धरली. "अजून ठरलं न्हाई," ते म्हणाले. "ठरल्याबिगर पाय धुयाचे न्हाईत." मावशींनी तिला तशीच खाली ठेवली. मी बावखलाकडे बघत बसले. नाताळ महिन्यावर आलेला, वसई तालुक्यात सगळीकडे हेच उत्तर मिळणार, आणि सोमवारी मी एका म्हाताऱ्या माणसाला कुलूपबंद घरी पाठवणार. मला खरंच रडू येत होतं.

संध्याकाळी मात्र ओट्यावर दोन्ही म्हातारे रंगात आले. विषय धाडसाचा होता. बावखलावर एक नारळ अगदी आडवा झालेला आहे, खोड पाण्यावरून जातं आणि टोकाशी वर वळतं. इनासकाका म्हणाले की तरुणपणी ते त्या टोकावरून कोलांटी घेऊन उडी मारायचे, खालून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा मारली होती, अंगाला हळद लावलेली असताना. आता गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फिलोमिनानं बंदी घातली आहे, नाहीतर आजही.

अण्णांनी तंबाखूची चिमूट लावली. "आमच्याकडं इहीर व्हती," ते म्हणाले. "साठ फूट खोल. तिच्यावर एक लाकूड आडवं टाकलं व्हतं. बारा वर्षांचा असताना त्याच्यावरनं चालत पल्याड गेलो. पैज उसाच्या एका कांड्याची."

"खाली पाणी किती होतं?"

"पानी असतं तर भ्यालो नसतो. खाली दगुड व्हते."

इनासकाकांनी मान डोलावली. मग त्यांनी ताडावरून सरपटत उतरल्याचं सांगितलं. अण्णांनी देवळाच्या शिखरावरचं आग्या मोहोळ काढल्याचं सांगितलं. मावशी दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारलं, "यातलं कुणी पाहिलेलं आहे का?" दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

वाडीत, शनिवार सकाळ

सकाळी मामलेदारणीला दाणे खायला मोकळं सोडलं होतं. या घरचा कोंबडा मोठा, कानाशी पांढरा, आणि स्वतःविषयी चांगलं मत असलेला. त्यानं पाहुणीला पाहिलं आणि पंख पसरून धावला. तिला बटाट्यांवर बसायची लहर होती, या असल्या गोष्टींची नव्हती. ती ओरडत पळाली, चिकूच्या झाडाला वळसा घातला, आणि सरळ त्या आडव्या नारळावर चढून टपटप चालत टोकाशी जाऊन बसली. खाली सगळं हिरवं पाणी. कोंबडा काठावर उभा राहून बघत होता, जणू आपला काही संबंध नाही.

दाणे दाखवले. बोलावलं. फिलोमिनानं बांबूनं हळूच ढकलून पाहिलं, तर ती आणखी पुढे सरकली. इनासकाकांनी शर्टाची बटणं सोडायला घेतली.

"पप्पा, एक पाऊल पुढे टाकलंत तर मी डॉक्टरांना फोन करीन," फिलोमिना म्हणाली.

तेवढ्यात मागे काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. अण्णांनी धोतराचा काचा मारला होता. मी "अण्णा, नको" म्हणेपर्यंत ते खोडावर बसलेसुद्धा, घोड्यावर बसतात तसे, दोन्हीकडे पाय सोडून. हातांनी खोड धरून ते वीतभर वीतभर पुढे सरकायला लागले. मला ओरडायचं होतं, पण दचकून पडतील म्हणून तोंडावर हात धरून उभी राहिले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, ज्याला आंघोळीला जाताना मी दाराला कडी लावू देत नाही, तो पाण्यावर लोंबकळत होता आणि कोंबडीशी बोलत होता.

"ये गं," ते म्हणत होते. "ये, काय न्हाई व्हत. ती असती तर तुला पदरात घिऊन आली असती. मला पदर न्हाई. ये."

मामलेदारीण त्यांच्याकडे वळली. दोन पावलं चालून त्यांच्या हातात आली. आता तिला धरायला दोन हात लागले, म्हणजे खोड धरायला एकही उरला नाही. अण्णा अगदी सावकाश, काही न बोलता, डावीकडे कलले आणि पाण्यात गेले.

कोंबडी पंख मारत काठावर पोचली. अण्णांचं टोपीसकट डोकं वर आलं, खाली गेलं, हात वर आले. इनासकाका गुडघा, ऑपरेशन आणि सुनेसकट सगळं विसरून चप्पल घालूनच धावत गेले आणि पाण्यात उडी मारली. कोलांटी नव्हती, पण उडी होती. मोठा आवाज झाला. मग ते उभे राहिले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत होतं.

"अण्णा," ते म्हणाले, "उभे राहा."

अण्णांनी आणखी थोडे हातपाय मारले आणि उभे राहिले. दोघं छातीभर पाण्यात समोरासमोर, अण्णांच्या टोपीवर शेवाळ.

"गाळ साचला इतक्या वर्षांत," इनासकाका आमच्याकडे बघून म्हणाले. "तेव्हा खूप खोल होतं."

"तेव्हाही एवढंच होतं," मावशी म्हणाल्या आणि टॉवेल आणायला आत गेल्या.

मी काठावर मटकन बसले आणि आधी रडले, मग हसले, मग अण्णांना खूप बोलले. एरवी सासऱ्यांना कोण असं बोलतं, पण त्या दिवशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना इनासकाकांची हाफपँट आणि सणातल्या फुटबॉल स्पर्धेचा सात नंबरचा टीशर्ट घालून ओट्यावर बसवलं. इनासकाकांनी औषध म्हणून कपात काहीतरी ओतलं. अण्णांनी ते औषध म्हणून घेतलं आणि थोड्या वेळानं स्वतःहून पुन्हा औषध मागितलं.

मामलेदारीण तोवर कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीत जाऊन बसली होती. मावशींनी तिच्या पोटाखाली हात घालून पाहिला. "ही बसायला आली आहे," त्या अण्णांना म्हणाल्या. "बसवायची?"

मग दोन जाणकार माणसं कामाला लागली. मला त्यांच्यातलं कुणी काही विचारलं नाही. टोपलीत भाताचा पेंढा घातला. मावशींनी अंड्यांवर कोळशानं क्रूस काढले. देवाचं नाव तर होतंच, शिवाय दुसऱ्या कोंबडीनं मधेच एखादं घातलं तर ओळखता येतं. अण्णांच्या गावी खिळा ठेवतात, इथे मोडक्या कोयत्याचं पातं ठेवलं. ढग गडगडले तरी अंडी नासू नयेत म्हणून लोखंड पाहिजे, यावर दोन्ही घरांचं एकमत निघालं. संख्या विषम हवी, यावरही. तेरा अंडी होती. फिलोमिना म्हणाली तेरा नको, तेव्हा दोन कमी केली.

"अंडी तुम्ही ठेवा," मावशी अण्णांना म्हणाल्या. "तुमची कोंबडी. पण आमच्याकडे एक नियम आहे, आधीच सांगते. ज्यानं अंडी ठेवली त्यानंच एकविसाव्या दिवशी टोपली उघडायची. आणि तोवर त्यानं खाडी ओलांडायची नाही. ओलांडली तर पिल्लं आतल्या आत मरतात."

अण्णा विचारात पडले. आमच्या तालुक्यातून खटावला जायचं तर खाडी ओलांडावीच लागते. सोमवारची एसटी, हे माझ्या मनात होतं, त्यांच्याही असणार.

"आन् पिल्लं निघाल्यावर कापत्यात का?"

"पिल्लंवालीला कोण कापतं," मावशी म्हणाल्या. "आणि हिला तर नाहीच. हिच्यासाठी माणूस पाण्यात पडला."

अण्णांनी एकेक अंडं उचलून ठेवलं, न बोलता. अंडी ठेवताना बोलायचं नाही, हे मात्र मला दोघांनी मिळून सांगितलं. शेवटी मावशींनी मामलेदारणीचे पाय धुतले आणि पाणी उंबऱ्यावर ओतलं.

एकविसाव्या दिवशी

ते तीन आठवडे अण्णा आमच्याकडे राहिले. एक दिवसाआड आगाशीला जायचे, कधी माझ्याबरोबर, बहुतेक एकटेच. येताना केळी किंवा विड्याची पानं आणायचे आणि इनासकाकांच्या नव्या थापा सांगायचे. धोतरं बॅगेत घडी करून तशीच ठेवलेली होती. मी रोज त्या बॅगेकडे बघायची आणि काही विचारायची नाही.

शनिवारी आम्ही दोघं गेलो. वाडीत घराघरावर नाताळच्या चांदण्या लागायला सुरुवात झाली होती, बांबूच्या कामट्या आणि कागद अंगणात पसरले होते. अण्णांनी टोपली उघडली. अकरातली आठ फुटली होती. मामलेदारीण फुगून बसली होती आणि तिच्या पंखांखालून आठ ठिकाणांहून चिवचिवाट येत होता. अण्णांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं आणि इनासकाकांना दाखवलं.

मी आत स्वयंपाकघरात मावशींना म्हटलं, "तुमच्यात तो खाडीचा नियम आहे म्हणून बरं. नाहीतर मी काय केलं असतं कुणास ठाऊक."

मावशी भाकरी थापत होत्या. "कसला नियम?" त्या म्हणाल्या. "आमच्यात असलं काही नाही. ज्याला वेळ असतो तो उघडतो."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं.

परत येताना बसथांब्यावर मला राहवेना. अण्णांना फसवून ठेवलं याचं वाईटही वाटत होतं. सांगू का नको करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "ती बाई खोटं बोलली बघ."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या खेपंलाच. पलीकडच्या वाडीत दोघींना इचारलं. खाडीबिडी कायबी न्हाई. मला तवाच वाटलं व्हतं, अंड्याला काय ठावं खाडी कुठं हाय."

"मग गावी का नाही गेलात?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "कसं हाय मंगल," ते म्हणाले, "तू म्हणालीस गोळ्या हायत, दवाखाना लांब हाय, पडाल. समदं खरंच हाय. सोसायटीवाल्यानं पत्र दिलं, तेबी खरंच हाय. त्या बाईनं माझ्यापायी एवढं खोटं रचलं. खोटं बोलाय माणसाला जीव लागतो. म्हणलं, थांबावं. राहा असं कुणी म्हणालंच न्हवतं."

मी तोंड उघडलं आणि सवयीनं रक्तदाबावरच येणार होते. मग गप्प बसले. सहा महिने हा माणूस माझ्या घरात आहे. त्याच्या गोळ्यांचा डबा मी वारांप्रमाणे भरते, त्याच्यासाठी भाजी कमी तिखट करते, आणि सकाळी त्याची काठी वाजली नाही तर कामाला निघताना माझा पाय अडतो. हे सगळं मला माहीत होतं. त्याला मी एकदाही सांगितलं नव्हतं.

"राहा, अण्णा," मी म्हटलं. "कोंबडी असो नसो. मला तुम्ही घरात हवे आहात."

अण्णांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "एवढंच म्हणायचं व्हतं, तर एवढे दिवस का लावलेस?"

बस आली. दोघांना शेजारी जागा मिळाली.